ठकूने निवडलेली खानावळ

कटकन आवाज झाला आणि चक्रधर महाराजांच्या दाढेखाली भातातला खडा आला! तोही महाराणींच्या वाढदिवशी!

महाराजांना प्रवासाची भारी हौस. गावोगावी जायचं आणि जेवायचं मात्र राजवाड्यातलंच, हे त्यांना मुळीच मान्य नव्हतं. म्हणून दर शहरात, दर समारंभाला नवी खानावळ. ती निवडायचे प्रधानजी. पहिल्या शहरात त्यांनी सर्वांत मोठी पाटी पाहून खानावळ निवडली. पाटी खरोखरच उत्तम होती. दुसऱ्या शहरात एका खानावळीच्या दारात पाच भाट उभे राहून तिची वाहवा गात होते. भाट गोड गायले, शिरा तेवढा खारट निघाला. आणि तिसऱ्या शहरात हा भात!

"कुणी आणलं आम्हाला इथं?" महाराज गरजले.

प्रधानजी जराही अडखळले नाहीत. "महाराज, गाडी तर हैबती गाडीवानानं थांबवली!"

एवढा बिनतोड पुरावा असल्यावर आणखी चौकशी कशाला? हैबतीची रवानगी कोठडीत झाली.

तेवढ्यात राजकन्येचा साखरपुडा ठरला. होणारे व्याही वज्रसेन महाराज म्हणाले, "मुलीकडच्यांनी आमच्याकडे यावं." चक्रधर महाराज म्हणाले, "आधी त्यांनी यावं." दोन महिने दूतांचे घोडे फुकट दमले. शेवटी दोन्ही राज्यांच्या मधोमध असलेल्या वेणापुरात, तिथल्याच एखाद्या खानावळीत साखरपुडा करायचं ठरलं. आता वज्रसेन महाराजांची ख्याती अशी, की पानात मोडका पापड आला म्हणून त्यांनी सख्ख्या भावाचं जमलेलं लग्न मोडलं होतं!

हे ऐकून हैबतीची मुलगी ठकू दरबारात येऊन उभी राहिली.

"महाराज, खानावळ मी निवडते. व्याही तृप्त झाले तर माझ्या बाला सोडा."

"आणि रुसले तर?"

"तर मला बाच्या शेजारची कोठडी द्या. प्रधानजींनी निवडली, तर ती तशीही कुणाला तरी लागेलच!"

महाराजांनी मिशीवरून हात फिरवला. "ठीक आहे. पण आमच्या अटी ऐक. कुणाही माणसाला विचारायचं नाही, विचारण्याआधीच त्याचं तोंड गोड केलेलं असतं. एक घासही चाखायचा नाही, चाखणाऱ्याला वेगळ्या पातेल्यातलं वाढतात. आणि खानावळीचा उंबरठा ओलांडायचा नाही!"

"डोळेही बांधू का, महाराज?" प्रधानजींनी उत्साहाने विचारलं.

"ते असू द्या, प्रधानजी," ठकू म्हणाली. "पाट्या वाचण्यापलीकडं त्यांचा काही उपयोग होतो का, बघते."

वेणापुरात सात खानावळी होत्या. लबाडी होऊ नये म्हणून प्रधानजी स्वतः ठकूबरोबर गेले. लबाडी ओळखण्यात त्यांचा हात कोण धरणार? ठकू समोरच्या दारांकडे बघेचना. ती प्रत्येक खानावळीच्या मागच्या गल्लीत शिरायची, थोडा वेळ उभी राहायची आणि पुढे निघायची. प्रधानजी नाकाला उपरणं लावून मागे मागे. भर दुपारी ती एका बसक्या कौलारू घरासमोरच्या पारावर बसून राहिली आणि मग म्हणाली, "ठरलं. ही चंद्राक्कांची खानावळ."

"ही? अगं, हिला साधी पाटीसुद्धा नाही!"

"पाटी चावायची नसते, प्रधानजी."

साखरपुड्याच्या दिवशी पंगत बसली. वज्रसेन महाराजांनी पत्रावळ पुढे ओढली, पापड उलटसुलट करून पाहिला आणि नाराज होण्याची तयारी पूर्ण केली. मग भरल्या वांग्याचा घास घेतला. भुवया खाली आल्या. पुरणपोळीचा तुकडा तोंडात गेला आणि खांदे खाली आले. चौथी पोळी संपल्यावर त्यांनी कटाच्या आमटीची वाटी बाजूला सारली आणि ओरडले, "या वाटीनं काय होतंय? तांब्या आणा! आणि व्याही, लग्नही इथंच करायचं!"

चक्रधर महाराजांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी ठकूला बोलावलं. "खरं सांग पोरी, कुणाला विचारलंस?"

"कुत्र्यांना, महाराज!"

पंगतीत हशा पिकला. ठकू मात्र गंभीरपणे म्हणाली, "उष्ट्या पत्रावळ्या मागच्या गल्लीत पडतात. सहा खानावळींमागची कुत्री अशी गुबगुबीत, की हाकललं तरी उठेनात. म्हणजे गिऱ्हाइकं निम्मं अन्न पानात टाकून जातात! चंद्राक्कांच्या मागं एकच कुत्रं होतं. बरगड्या दिसत होत्या बिचाऱ्याच्या. पत्रावळीवर चाटायलासुद्धा काही उरलेलं नव्हतं."

"वा!" प्रधानजी उसळले. "तिथं मुळात वाढतच कमी असतील तर?"

"म्हणून तर दुपारी समोर बसले. जो तो धोतर सैल करत बाहेर पडत होता."

महाराज भलतेच खूश झाले. त्या भरात ते म्हणाले, "काही म्हणा, आमच्या राजवाड्यातल्या जेवणाची सर कशालाच नाही! प्रधानजी रोज सांगतात. हो ना गं?"

बाच्या कोठडीची किल्ली अजून महाराजांच्याच कमरेला होती. एक 'हो' म्हटलं की काम झालं असतं.

"महाराज, राजवाड्यातलं मी कधी चाखलं नाही," ती म्हणाली. "पण मागच्या दाराची कुत्री येता-जाता बघते."

"मग?"

"महाराज, ती हल्ली आडवी पडूनच भुंकतात!"

महाराज पोट धरधरून असे हसले, की त्यांना ठसका लागला आणि व्याह्यांनी आपला तांब्या पुढे केला. किल्ली तिथेच ठकूच्या हातात पडली, तिच्यापाठोपाठ महाराणींच्या हातातले सोन्याचे गोठही आले. त्या दिवसापासून महाराजांच्या प्रवासात खानावळ ठकू निवडू लागली आणि हैबती तिच्या सांगण्यावरून गाडी थांबवू लागला. प्रधानजींनाही मानाचं काम मिळालं. राजवाड्यामागच्या कुत्र्यांना ते रोज सकाळी पळायला नेतात!