पवळाराणीचे सोनमासे

पडलात का नीट? रेवा, पाय पांघरुणात घे. आणि ती काचेच्या पेटीवरची टकटक पुरे झाली आता, मासे बिचकतात. आजच आलेत, पळून नाही जायचे कुठे. ऐका.

एकदा काय झालं, एका राजाचं लग्न झालं. नवरी होती तळ्याकाठच्या गावची. पवळा तिचं नाव. तळं जुनं, हिरवंगार, आणि त्यात सोनेरी मासे. पवळा हसायची, गायची, दिवसभर बडबड करायची. तिची आई म्हणजे कुणी साधीसुधी बाई नव्हती, बरं का. तिला मंतर यायचे.

पाठवणीच्या वेळी आईनं तीन सोनमासे ओंजळीत घेतले. एकाच्या तोंडात लेकीचं हसू ठेवलं. दुसऱ्याच्या तोंडात गाणं. तिसऱ्याच्या तोंडात बोलणं. मग म्हणाली, "पोरी, परक्या घरात हेच आधी हरवतं. माशांपाशी राहील. मासा जगला तोवर ते तुझं. मासा गेला की गेलं."

मग घागरीत तळ्याचं पाणी भरलं, मासे सोडले आणि बजावलं, "नवा हौद आधी भरून ठेव, पाणी मुरू दे. लोणचं मुरतं ना, तसं. मग हे जुनं पाणी त्यात मिसळ आणि मासे हळूहळू सोड. खायला चिमूटभरच घाल. आणि पाणी सगळं उपसू नकोस कधी. थोडं काढायचं, थोडं घालायचं."

पवळेनं सगळं ध्यानात ठेवलं. तिनं ठेवून काय उपयोग? ऐकणारं कोण होतं तिथे!

राजाच्या घरी एक रीत होती. शिळं पाणी उंबऱ्याच्या आत राहायचं नाही. रोज सकाळी हंडे-कळशा ओतायच्या, चिंचेनं लख्ख घासायच्या, ताजं पाणी भरायचं. राजाची आई, तिला सगळे आऊसाहेब म्हणायचे, ती स्वतः फिरून बघायची. आता रीत काही वाईट नाही. पिण्याच्या पाण्याला चांगलीच आहे. पण मासा का पाणी पिण्यापुरतं वापरतो? त्याचं घरच ते.

वरात दारात आली. राजानं बायकोच्या माशांसाठी वाड्याच्या उघड्या चौकात काचेचा हौद करवून घेतला होता. नवाकोरा. हौसच दांडगी! पवळा हळूच म्हणाली, "आऊसाहेब, मासे थोडे दिवस घागरीतच राहू देत. हौद अजून मुरायचाय."

"असं कसं? गृहप्रवेशाचा मुहूर्त आहे. तुझ्याबरोबर त्यांनीही आत यायला हवं." आऊसाहेबांनी घागरीत वाकून बघितलं आणि नाक मुरडलं. "अगं बाई, हे हिरवं पाणी? माझ्या घरात?"

घागर मोरीत उपडी झाली. मासे फडक्यात धरले आणि विहिरीच्या ताज्या पाण्यात सोडले. तळ्याचं ते कोमट पाणी कुठे, आणि हे बर्फासारखं गार कुठे! माशांना हुडहुडी भरली. संध्याकाळच्या आत एक मासा उलटा झाला. त्याच वेळी आत पवळेला नाव घ्यायला सांगत होते. तिनं नाव घेतलं, सगळ्या बायका हसल्या. पवळा हसायला गेली, तर हसूच येईना. नुसते ओठ ताणले गेले.

मग काय झालं, नवी सून बघायला गावच्या बायका येऊ लागल्या. नव्यानं घरात आलेल्याला गोड घास भरवल्याशिवाय तिथे कुणी उठत नसे. सुनेला भरवला, मग माशांना नको का? कुणी लाडू कुस्करून घाली, कुणी शिरा. जिला तिला वाटे, मी तर एवढंसंच घातलं. मासा बापडा मिळेल तितकं खातो, त्याला पुरे म्हणता येत नाही. उरलेलं तळाशी कुजलं. पाणी गढूळ झालं, वास मारू लागलं.

पवळा हात जोडायची. "काकू, नका घालू हो. माझे मासे मरतील."

"बघा तरी! भरवायला आलं तर सून नको म्हणते," असं म्हणून काकू आणखी एक चिमूट टाकायच्या.

दुसरा मासा गेला. त्या दिवशी पवळा आरतीला उभी राहिली, तर गळ्यातून सूर फुटेना. नुसती टाळ्या वाजवत राहिली. मला राग येतो हो या बायकांचा. एवढ्या माया करणाऱ्या, पण एकीनंही जवळ बसून विचारलं नाही, का गं, का नको म्हणतेस?

राहिला तिसरा. आऊसाहेब धास्तावल्या. दोन मासे मेले, लोक काय म्हणतील? त्यांना वाटलं, घाणीनं मेले. म्हणून त्यांनी हौदही रोजच्या घासण्यात घातला. सकाळ झाली की दासी मासा काढून वाटीत ठेवायच्या, सगळं पाणी ओतायच्या, चिंचेनं काच घासायच्या, नवं पाणी भरायच्या. हौद असा चमकायचा! आणि मासा? वर येऊन नुसता तोंड उघडायचा आणि मिटायचा.

पवळा राजाकडे गेली. "अहो, ते पाणी जरा राहू द्या. रोजच्या नव्या पाण्यात त्याचा जीव घुसमटतो. तो गेला तर मी मुकी होईन."

राजा दुष्ट नव्हता, बरं का. दुष्ट असता तर बरं झालं असतं, चार शिव्या तरी घातल्या असत्या आपण. तो म्हणाला, "तुझं खरंही असेल. पण आईला आताच कसं सांगू? वाईट वाटेल तिला. सांगतो थोड्या दिवसांनी."

थोडे दिवस गेले. आणखी थोडे गेले. एके सकाळी मासा पवळेला म्हणाला, "पोरी, माझा दम संपला. काय बोलायचं ते बोलून घे."

पवळा खिडकीशी धावली. तळ्याच्या दिशेला तोंड केलं आणि जिवाच्या आकांतानं हाक मारली, "आई!"

पलीकडच्या दालनातून आऊसाहेब म्हणाल्या, "आले गं!" आल्या त्या हसतच. सगळ्यांना सांगत सुटल्या, "ऐकलंत का, सून मला आई म्हणाली!"

तो तिचा शेवटचा शब्द. हौदात मासा तरंगत होता.

मग राणी मुकी झाली. आणि लोक काय म्हणाले असतील? म्हणाले, काय गुणाची सून आहे, शब्दाला शब्द देत नाही!

मासेच नाहीत, तर हौद कोण घासणार? पाणी तसंच राहिलं. पाऊस पडला, ऊन पडलं, काचेवर हिरवी साय धरली. त्यात बारीक बारीक जीव वळवळू लागले. एक दिवस राजा तिथून जाताना थबकला आणि त्याला कळलं, हौद आत्ता मुरला. तो स्वतः तळ्यावर गेला. मासे आणले. हळूहळू सोडले. आऊसाहेबांनाच राखणीला बसवलं, कुणी लाडू घालू नये म्हणून. मासे जगले. पिल्लं झाली. राजा धावत राणीकडे गेला, "पवळे, चल, बघ, जगले!" आणि ती काय म्हणते म्हणून तिच्या तोंडाकडे बघत उभा राहिला.

राजा सुखी झाला. आऊसाहेब सुखी झाल्या. सगळं गाव सुखानं नांदू लागलं.

काय म्हणतेस रेवा? राणी बोलली का? नाही गं बाळा. ते साधे मासे होते. त्यांच्या तोंडात तिचं काही नव्हतं.

झाली गोष्ट. रडू नकोस, ये इकडे, माझ्या कुशीत ये. कुणाला काही सांगायचं राहिलं असेल तर आत्ता सांगा, मी ऐकतेय. नाही ना? मग मिटा डोळे.