काटेरी झाकण

त्या प्रदेशाला राजा नव्हता आणि धान्याला कुलूप नव्हते. एक अवाढव्य झाड होते. त्याच्या बुंध्यातल्या ढोल्यांत सगळ्यांनी मिळून बी-बियाणे साठवले होते. हवे त्याने घ्यावे, मोडले असेल ते सुधारावे, अशी रीत होती. सुधारणा सुचवायची ती मात्र शेंड्याजवळच्या एका फांदीवर बसून. त्या फांदीला हरकतीची फांदी म्हणत. तिथून कुणी 'हरकत' असे ओरडले नाही, तर सुधारणा कायम होई.

ढोल्यांची झाकणे राघूने रंगवली होती. तूर पिवळी, ज्वारी पांढरी, आणि औषधापुरता ठेवलेला विषारी धोतरा लालभडक. ती झाकणे खरोखरच सुंदर होती, हे नाकारता येत नाही.

चिचुंद्रीला जवळजवळ दिसत नसे. एका सकाळी तिने पिल्लांसाठी तूर म्हणून धोतरा नेला. धाकटे पिल्लू ग्लानीत गेले. त्याला शेजारणीच्या कुशीत ठेवून ती बुंध्याशी आली आणि वर तोंड करून ओरडली, "राघूदादा, कुठल्या झाकणाखाली काय आहे, मला कसं कळायचं?"

"रंगावरून!" राघू वरून म्हणाला. "आणि झाड मोकळं आहे, बाई. पटत नसेल तर ये फांदीवर, कर सुधारणा."

चिचुंद्रीला चढता येत नव्हते.

राघू दुष्ट नव्हता. पिल्लाचे ऐकून त्याला वाईट वाटले आणि त्याने लगेच सुधारणा केली: लाल झाकण दुप्पट लाल केले. फांदीवर सगळ्यांनी त्याचे कौतुक केले.

"तिला कुणी विचारलं का?" सुतारपक्ष्याने हळूच विचारले. मग तो स्वतःच खाली उतरला.

चिचुंद्री म्हणाली, "ज्याचं बी, त्याचंच टरफल झाकणावर बांधा. हात लावला की नाव कळेल."

इतके सोपे! सुतारपक्ष्याने आनंदाने बुंध्यावर टकटकाट केला आणि सारे झाड जागे झाले. खारीने तुरीच्या शेंगा आणल्या, उंदरांनी ज्वारीचे कणीस ओढत आणले, मुंग्यांनी डिंक दिला. "अगं, उलटं लावतेस!" "तू गप, शेपटी काढ आधी डिंकातून!" असा कल्ला उसळला. चिचुंद्री प्रत्येक झाकणावरून नाक फिरवी, "हं, ही तूर!" म्हणे, आणि सगळे नाचत. धोतऱ्यावर त्याचेच काटेरी बोंड बसले.

तेवढ्यात वरून आवाज आला. "हरकत!"

सगळे थिजले. हरकत टिकली तर सूर्य मावळताच सारे काढावे लागणार होते.

"गबाळं दिसतंय," राघू म्हणाला. 

"दिसत असेल," चिचुंद्री म्हणाली. "माझं पोर अजून डोळे उघडत नाही, दादा. तू खाली ये. डोळे मीट, आणि तूर काढून दाखव."

राघू उतरला. डोळे मिटून त्याने ऐटीत चोच पुढे केली.

"आई गं! टोचलं!"

"टोचायलाच हवं," चिचुंद्री म्हणाली.

राघू डोळे मिटूनच उभा राहिला. मग चाचपडत पुढच्या झाकणाशी गेला. चोचीला शेंग लागली. "तूर!" तो किंचाळला. "तूरच आहे! हरकत नाही, मुळीच हरकत नाही!"

त्याच वेळी शेजारीण धावत आली. धाकट्याने दूध मागितले होते.

त्या जल्लोषात गोगलगाय केव्हा आली, कुणाला कळले नाही. ती म्हणाली, "झाकणं ओळखता येतात आता. पण मी आत शिरेपर्यंत ती आपोआप बंद होतात."

"झाड मोकळं आहे, बाई," राघूने सवयीने सुरुवात केली, "पटत नसेल तर ये..."

तो थांबला. वळून त्याने पंजाने झाकण उचलून धरले. "सांग, तुला किती वेळ लागतो?"

"सांगता नाही येत."

"मग चल सावकाश."

ती निघाली. सुतारपक्षी झाकणाखाली लावायला खुंटी तासू लागला. सगळे तिच्या चालीकडे टक लावून पाहत होते, आणि वर हरकतीची फांदी रिकामीच डोलत होती.