साळिंदराचा काटा

रानातली जनावरं माणसासारखी बोलायची, तेव्हाची ही गोष्ट. पलीकडच्या डोंगरावर हरणांमध्ये खुरांचा रोग आला होता. साळिंदरबाई औषधात बुडवलेला काटा कानाला टोचायची, मग रोग शिवत नसे. अलीकडच्या कळपातल्या मोठ्यांनी टोचून घेतलं, लहान पाडसांना आयांनी धरून आणलं. राहिली ती नुकती शिंगं फुटलेली.

ती लांब उभी राहून हसत होती. "जो जाईल तो रोगाला भ्याला," असं त्यांच्यातला भुरा म्हणाला, मग हलणार कोण?

भुऱ्याची आजी सांगून सांगून थकली. गेल्या साली याच रोगानं भुऱ्याचा थोरला भाऊ गेला, तेही सांगून झालं. शेवटी ती म्हणाली, "साळिंदरबाई, तू आपली त्या करवंदीच्या जाळीमागं बस. माझ्यानं आता बोलवत नाही." आणि डोळे मिटून पडली.

ऊन उतरलं. एकाला तहान लागली, दुसऱ्याला जाळीमागचा कोवळा पाला आठवला. एकेक जण जाळीमागं जाऊन आला. कुणी कुणाला काही विचारलं नाही.

सगळ्यात शेवटी भुरा आजीजवळ आला. "आजी, टोचताना मी ओरडलो तर बाहेर ऐकू येईल का गं?"

"मला तर काहीच ऐकू येत नाही, बाबा," आजी डोळे न उघडताच म्हणाली. "जा."