लेओंतीनच्या ओल्या चादरी

आपल्या पणज्या परकर नेसून हुंदडत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. दूर फ्रान्समध्ये अर्लीन नावाचं गाव होतं. गाव वीतभर, पण त्याचं कॅथीड्रल एवढं उंच की ढग मनोऱ्याला वळसा घालून जात, असं म्हणतात.

त्या गावात लेओंतीन नावाची तरणी परटीण होती. नदीवर तिने धुणं आपटलं की आवाज पलीकडच्या गावात जाई, आणि तिची जीभ त्याच्याही पुढे.

मग पहिलं महायुद्ध आलं. कॅथीड्रलमध्ये पेंढा पसरून जखमी शिपाई निजवले. त्यांत लेओंतीनचा धाकटा भाऊ रेमी होता, दोन्ही पाय मोडलेला. एका सोमवारी, धुण्याच्या दिवशी, तोफेचा गोळा आला आणि छपराच्या लाकडांनी पेट घेतला. वर आग, खाली पेंढा.

लेओंतीन ओल्या चादरींचा भारा उचलून धावली. मनोऱ्याच्या दारात म्हातारा घंटावाला ओगुस्त आडवा उभा.

"बाईमाणसाने वर जायचं नाही. घंटा तडकते."

"घंटेचं नाव काय हो, काका?"

"मार्गेरीत. बारसं झालंय तिचं, पाद्रीबाबांच्या हातून."

"मग ही मार्गेरीतबाई वर कशी गेली? सरका. नाहीतर चादरी तरी धरा."

ओगुस्तने चादरी धरल्या आणि एकेक करून वर दिल्या.

ती चढली. तिच्यामागे साऱ्या परटिणी चढल्या, आणि त्यांच्यामागे नदीच जिना चढून आली, असं म्हणतात. चादर पडली की आग मांजरीसारखी फिस्कारून मागे सरे. चादरी सुकेनात, त्यांतून पाणी गळतच राहिलं. कमानीच्या फटीतून एक थेंब रेमीच्या कपाळावर पडला.

"रेम्या, आहेस ना रे?" वरून हाक आली.

"आहे. भिजवलंस मला."

ती हसली. तेवढ्यात धुराचा लोट उठला. तो विरला तेव्हा आग विझली होती आणि शेवटची चादर तुळईवर ओलीच होती. लेओंतीन मात्र नव्हती. तुळईच्या टोकापर्यंत ओली पावलं गेली होती, आणि पुढे आभाळ होतं.

घंटा तडकली नाही. एकही जखमी दगावला नाही.

अर्लीनमध्ये आजही वर्षातून एका सोमवारी मुली मनोऱ्यावर चढतात, चादरी खाली सोडतात आणि मार्गेरीत वाजवतात. गावातले सगळ्यात वयस्कर पुरुष ओल्या चादरी धरून दारात उभे असतात. वर कोणी जायचं, हे त्यांना कोणी विचारत नाही.