कीचकाचे दहा श्वास

फार जुन्या काळी, दगड अजून अधूनमधून बोलत असत तेव्हा, डोंगराकाठच्या एका गावात एक मल्ल राहत होता. लग्नाला दोन महिने होतात न होतात तोच सरावात त्याचा उजवा खांदा निखळला. वैद्याने तो बसवला, पण हातात जोर काही येईना. राजाच्या कुस्त्या महिन्यावर आलेल्या. तिथे उतरला नाही, तर तालमीतली वस्तादाची जागा कायमची जाणार होती.

त्याची बायको नवी होती म्हणून कमी बोलायची, आणि कमी बोलायची म्हणून तिला जास्त ऐकू यायचं.

गावाबाहेर ओसाड देऊळ होतं. खांबांच्या माथ्यावर छत पेलणारे दगडी पुरुष कोरलेले होते; लोक त्यांना कीचक म्हणत. एका दुपारी मल्ल तिथे खांदा चोळत बसला होता, बायको शिदोरी सोडत होती. तेवढ्यात वरून जात्याच्या घरघरीसारखा आवाज आला.

"चोळू नकोस. चौथऱ्यावर चढ, तुळईला हात लाव आणि रेट."

मल्ल म्हणाला, ती थोडीच हलणार आहे?

"हलायला नकोच आहे," कीचक म्हणाला. "दहा श्वास रेटून धर, मग सोड. नंतर हातात धोंडा घे, हात सावकाश लांबव आणि तसाच ताणून ठेव. एक दिवस कर, एक दिवस पडून राहा. आणि ओझं जाणवेनासं झालं, की त्याच क्षणी हात काढ."

घरी जाताना बायकोने विचारलं, काय काय ऐकलंत? रेटायचं आणि ताणायचं त्याच्या ध्यानात होतं. बाकीचं त्या म्हाताऱ्या दगडाचं बोलणं, असं तो म्हणाला.

मग तीच श्वास मोजू लागली. दहा झाले की "सोडा" म्हणायची, आड दिवशी त्याला अंथरुणावरून उठू द्यायची नाही. पंधरवड्यात खांदा भरून आला. महिना संपता संपता हातात पूर्वीपेक्षा दुप्पट जोर आला. तिला एकच गोष्ट खटकायची. दर खेपेला कीचकाची मान त्यांच्याकडे जराशी अधिक वळलेली असे.

कुस्त्यांच्या आदल्या दिवशी पडून राहायचं होतं. तरी तो एकटाच निघाला. तू मोजतेस म्हणून दहावर थांबावं लागतं, म्हणाला. ती चूल विझवून मागोमाग धावली.

तो तुळईला हात लावून उभा होता.

"चारशे झाले," तो म्हणाला. "आणि गंमत बघ, ओझंच लागत नाही. आता मला कोण पाडतो?"

तिने पाहिलं. त्याच्या अंगावर घामाचा थेंब नव्हता. पावलं कुठे संपतात आणि चौथरा कुठे सुरू होतो, ते कळत नव्हतं.

"अहो, सोडा."

तिने दंड धरून ओढला. दंड गार होता, खरबरीत होता. त्याच्या ओठांवरचं हसू तसंच राहिलं.

वरून कोणीतरी खांबाला धरून उतरलं. कीचकाने शेकडो वर्षं उचललेले हात सावकाश खाली सोडले, एकेक बोट उलगडलं.

"मी त्याला सगळं सांगितलं होतं," तो तिला म्हणाला. "माझ्याआधीच्या कीचकाने मलाही सगळं सांगितलं होतं." आणि वाटेला लागला.

दुसऱ्या दिवशी आखाड्यात मल्लाच्या नावाचा तीनदा पुकारा झाला. मग मानाचा फेटा दुसऱ्याच्या डोक्यावर बांधला गेला. हलगीचा आवाज देवळापर्यंत येत होता. तिथे बसलेल्या बायकोने मान वर करून पाहिलं, तर चौथऱ्यावरच्या नव्या कीचकाच्या ओठांवर हसू नव्हतं.

लहानथोरहो, ताण धरल्याने बळ येतं, पण तो वेळेवर सोडला तरच ते बळ आपलं राहतं.