बूड छाटलेली अळंबी

पूर्वी वेणुपुरात राजा यशोधन राज्य करीत असताना बोधिसत्त्व वनचरांच्या कुळात जन्माला आले होते. वारुळावरची अळंबी खुडावी, दोऱ्यात ओवून सुकवावी, तापातून उठलेल्यांना आणि बाळंतिणींना तिचा कढ पाजावा, हे त्या कुळाचे पिढीजात काम.

राणी सुमना बाळंतपणानंतर खंगत चालली. वैद्याने अळंबीचा कढ सांगितला. पचायला हलका, अंगात बळ आणणारा. अमात्य भद्रघोष लगेच टोपली घेऊन हजर झाला. आपण स्वतः रानात जाऊन खुडल्याचे त्याने राजाला सांगितले. वास्तविक त्याच्या पायांची आणि चिखलाची ओळखही नव्हती. टोपली वेशीवर कुणाकडून तरी घेतलेली. मातकट बुडे राजवाड्यात शोभणार नाहीत म्हणून त्याने ती छाटवली होती.

वैद्याने खात्रीसाठी बोधिसत्त्वांना बोलावले. ते म्हणाले, "वारुळावरच्या अळंबीचा देठ मुळासारखा खोल जातो. विषारीच्या बुडाशी बहुधा फुगवटा असतो. इथे बूडच नाही. मला सांगता येत नाही. माझी ही सुकी माळ घ्या. आमच्या घरी रोज हीच शिजते."

"हिच्यापेक्षा माझ्या जोड्याचे चामडे मऊ असेल," भद्रघोष म्हणाला.

राणीची शुद्ध हरपत असल्याचा निरोप आला. माळ भिजेपर्यंत थांबणे नको म्हणून राजाने टोपलीतली ताजी अळंबी शिजवायला लावली. वाटी आली तेव्हा बोधिसत्त्व वाटेत उभे राहिले. "महाराज, आमच्यात खुडणारा आधी खातो."

राजाने भद्रघोषाकडे पाहिले. खोटे कबूल करावे तर मान जाणार. खावे तर कदाचित प्राण. त्यातल्या त्यात मान जाण्याची खात्री अधिक होती. त्याने वाटी उचलली. वाटी ओठांना लागणार, तोच बोधिसत्त्वांनी ती उडवली. पहारेकऱ्यांच्या तलवारी त्यांच्या गळ्याशी आल्या.

"मी खुडली नाही," भद्रघोष पुटपुटला.

राजाने तलवारी खाली करायला लावल्या आणि विचारले, "याने तुझी टिंगल केली. तरी वाचवलेस?"

"टिंगलीने कुणी मरत नाही, महाराज."

माळेच्या कढावर राणी हळूहळू सावरली. भद्रघोषाला राजाने रानात अळंबी खुडायला धाडले, अनवाणी. टोपलीतली विषारी होती की नाही, ते शेवटपर्यंत कळले नाही; कारण ती कुणी खाल्लीच नाही.

ही पूर्वजन्मीची गोष्ट सांगून भिक्षूंचे गुरू शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, आज न पाहिलेल्या औषधाची ग्वाही देणारा हा भिक्षू तेव्हा भद्रघोष होता. ते औषध घ्यायला निघालेला रोगी म्हणजे राजा यशोधन. वनचर मीच होतो. ठाऊक नसलेले ठाऊक नाही म्हणावे, आणि खोटे बोलणाऱ्यालाही मरू देऊ नये. पहिले सत्य, दुसरी करुणा."