बारावा कपडा

"माझा कोट कुणाला दिलास, माय?"

जमनामायने मान वर केली नाही. हातातल्या सदऱ्याचा खिसा उलटा करून झटकत राहिली.

"तुला विचारतोय मी!"

"तुझा कधी झाला तो?"

"गेल्या गुरुवारी. गाठ मारून गेलो होतो."

तापीकाठच्या आमच्या गावी दर गुरुवारी सकाळी चिंचेखाली जुन्या कपड्यांचा बाजार भरतो. तिथे कायदा एकच. आवडलेल्या कपड्याच्या दोन्ही बाह्या एकमेकींना बांधून जायचं. पुढच्या गुरुवारपर्यंत त्याला कुणी हात लावत नाही. गाठ ज्याने मारली, सोडायचीही त्यानेच.

जमनामाय या बाजारातच म्हातारी झाली. तोंडात दोनच दात, एक वर आणि एक खाली. त्या दोघांत धागा धरून ती अस्सल लोकर आणि भेसळ वेगळी सांगे. एकदा तर तिने नुसत्या धाग्यावरून मेंढीचा रंग सांगितला होता. मेंढी पुढे सापडली. तोच रंग.

आज तिने पदर तोंडावर ओढून घेतला होता. थंडी असेल, असं सगळ्यांना वाटलं.

हर्षल नेरकर तीन हिवाळे तिच्याजवळ बसून शिकला. काखेची शिवण आधी बघायची, कॉलर उजेडाला धरायची. आता तो लोकांना शिकवत होता. सबंध हिवाळ्याला बारा कपडे पुरे, आणि बाराही जुन्या बाजारातले. उद्या वाचनालयात भाषण होतं. 'जमनामायचा शिष्य' असं फळ्यावर लिहूनसुद्धा झालं होतं.

अकरा जमले होते. बारावा तो तपकिरी कोट.

"गाठ कुणी सोडली?"

"मी."

हर्षलचे कान लाल झाले.

"तू? चाळीस वर्षांत कुणाची गाठ सोडली नाहीस!"

"नाही सोडली."

"मग माझीच का?"

"सुकलाल भोई काकडत होता. नदीच्या पात्रात टरबुजाची वाडी राखतो, उघड्यावर."

"म्हणून गाठ सोडायची? पाप आहे ते. तूच शिकवलंस!"

"आहे."

"मग?"

"मग काय? लागलं ते मला."

हर्षलने पायाजवळची चप्पल लाथेने उडवली. चप्पल त्याचीच होती.

"माझ्या एकेका कपड्याला अर्थ आहे, माय. अकरांतला कुठलाही कुठल्याही कपड्यावर चालतो. त्या कोटाशिवाय सगळं अर्धवट. उद्या लोकांना काय दाखवू? मी काही हावरट नाही. अख्ख्या गावात माझ्याइतके कमी कपडे कुणाकडे..."

"पिशवीत काय आहे?"

"तेच अकरा."

"घाल."

"कोणता?"

"सगळे."

"माय, चेष्टा नको."

आणि जमनामाय ओरडली. चिंचेवरचे कावळे उडाले ते पलीकडच्या तालुक्यात जाऊन बसले. काहीजण म्हणतात आठवडाभर आले नाहीत. मी दुपारपर्यंतचंच खात्रीने सांगू शकतो.

"शिष्य म्हणवतोस ना माझा? फळ्यावर लिहितोस ना? घाल मग, मेल्या!"

हर्षलने दात-ओठ खात घातले. सदऱ्यावर सदरा, त्यावर जर्सी, तिच्यावर जाकीट, एका पँटवर दुसरी, तिच्यावर तिसरी. अकरावा मफलर. तो धान्याच्या कणगीसारखा दिसू लागला. दोन्ही हात अंगापासून लांब, वाळत घातल्यासारखे. कपाळावरून घामाची धार.

"झालं समाधान?" तो गुरगुरला.

जमनामाय पुन्हा खिसे झटकू लागली.

...

नदीच्या बाजूने सुकलाल भोई आला. अंगात नुसता विरलेला सदरा, हातात तपकिरी कोट. कोटाच्या बाह्या एकमेकींना बांधलेल्या.

त्याने कोट जमनामायच्या पथारीवर आपटला.

"मला सांगायचं नाही, माय? कुणाची तरी गाठ होती म्हणे यावर. अख्खा बाजार बोलतोय. आठ दिवस मी चोरीचा कोट घालून फिरलो!"

"मी दिला होता."

"तुझी गाठ होती का? नाही ना? मग?"

जमनामायने खाली पाहिलं.

"थंडीने मेलो तरी चालेल," सुकलाल म्हणाला. "गाठ होती तशी परत मारून आणली आहे. ज्याची त्याला दे."

त्याने दोन्ही हात काखेत घातले आणि आल्या वाटेला लागला. खांदे थरथरत होते.

कोट पथारीवर पडला होता. हर्षलच्या पायाशी.

हर्षलने कोटाकडे पाहिलं. मग सुकलालच्या पाठीकडे.

...

"भाऊ, थांबा!"

सुकलाल थांबला. वळला नाही.

हर्षलला वाकता येईना. गुडघे तीन पँटींत अडकलेले. शेवटी तो होता तसा खाली बसला, धप्पकन, आणि कोट मांडीवर ओढला.

"गाठ माझी होती. मी सोडतो. घेऊन जा कोट."

"आधी सोडा," सुकलाल तिकडूनच म्हणाला. "मग बघू."

हर्षलने बोटं घातली. गाठ भोयाने मारलेली, होडी खुंट्याला बांधतात तशी. वर दवाने भिजून फुगलेली. एक नख तुटलं. दुसरं तुटलं. हर्षलने शिवी हासडली. बाजार बघत होता. सुकलाल उभ्या उभ्या कुडकुडत होता.

"माय, सुटत नाहीये!"

जमनामायने पुढचा सदरा झटकायला घेतला.

"सांग ना! माझी गाठसुद्धा घट्टच होती. हात कापतात तुझे, बोटांत जोर नाही. तू कशी सोडलीस?"

जमनामायने तोंडावरचा पदर बाजूला केला. वरचा दात जागेवर नव्हता.

"माझे दोनच होते," ती म्हणाली. "तुझे बत्तीस आहेत."